डबे सांभाळणारीचा जबाब

"तू गाडीत बस. डबे सांभाळ."

साहेबांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. पाड्यावरची माणसं बघत होती. अंगावर माझ्याही खाकीच होती, छातीवर माझ्याही नावाची पट्टी होती. मांडीवर सात जणांचे जेवणाचे डबे. आणि रायफल रेखाकडे.

रेखा आणि मी एकाच भरतीच्या. ती धानोऱ्याकडची, तिचा काका खात्यात. मी सातपुड्यातली, पावरा आदिवासी. भरतीत धावण्यात मी तिच्या पुढे होते, प्रशिक्षणात नेमबाजीतही. पण ठाण्यात आल्यापासून गोळीबाराच्या सरावाला तिचं नाव, आणि चहा सांगायला मी. एकदा धीर करून विचारलं, तर साहेब म्हणाले, "तुमच्या लोकांना तीरकामठा पुरे." सगळे हसले. रेखाही हसली. त्या दिवसापासून मी तिच्यावर जळायला लागले. तोंडावर गोड बोलायचे, पण ती रायफल पुसायला बसली की मला घास गोड लागायचा नाही. हे लपवून काय करू?

हेवा आणखी एकाचा. एका शेठच्या मुलाचा. लोणखेड्याच्या रस्त्यावर तो वाढदिवसाचा केक तलवारीने कापत होता. हटकलं तर तलवार घेऊन आमच्या हवालदाराच्या अंगावर धावला. हवालदाराची बाही फाटली, थोडक्यात वाचले. रायफल तेव्हाही होती. साहेबांनी सगळ्यांना मागे घेतलं. "बाबू, शांत हो," असं म्हणत राहिले. त्याच्या काकांना बोलावणं पाठवलं, तासभर वाट पाहिली. कुणीतरी त्याला खुर्ची दिली. थंड्याची बाटली आणायला मला पिटाळलं. काका आले, त्याने तलवार त्यांच्या हातात दिली, प्रकरण मिटलं. साहेबांनी काम चोख केलं, यात वाद नाही. बाटली हातात धरून मी मनाशी एवढंच म्हटलं, हा तास आमच्या माणसाच्या वाट्याला कधी येईल?

दोन महिन्यांनी आम्ही तोरणमाळच्या घाटाखालच्या त्या पाड्यावर गेलो. जामसिंग नावाच्या माणसाने सकाळी भांडणात मेहुण्याच्या खांद्यावर धारिया घातला होता. धारिया म्हणजे लांब दांड्याचं वाकडं पातं, फांद्या तोडायचं. मेहुणा दवाखान्यात. जामसिंग झोपडीच्या दारात धारिया घेऊन उभा. तो साधुसंत होता असं मी म्हणत नाही.

साहेब मराठीत ओरडले, हत्यार टाक, नाहीतर गोळी घालू. तो पावरीत, माझ्या बोलीत, ओरडत होता. गाडीत बसून मला शब्द न् शब्द कळत होता. पाटलाला पुढे येऊ द्या, त्याच्याच हातात देतो, असं तो म्हणत होता. आमच्याकडे रागात उचललेलं हत्यार परक्याच्या पायाशी टाकत नाहीत. गावाच्या म्हाताऱ्या पाटलाच्या हातात देतात. तिथे भांडण संपतं. आणि पाटील उभा होता पोलिसांच्या मागे, बरोबर रेखाच्या पाठीशी.

मी उतरायला हवं होतं. मी बसून राहिले. मनात आलं, रायफल तुमच्याकडे ना? मग निभावा. तीन-चार श्वास, जास्त नाही. तेवढ्यात जामसिंग तिकडेच, पाटलाच्या दिशेने, चालायला लागला. धारिया खांद्याइतका वर. मी डबे टाकून ओरडत धावले. रेखाने गोळी झाडली. त्याच्या छातीत लागली. तो जागीच गेला.

रेखाला मी खुनी म्हणणार नाही. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, पात्याचा माणूस दहा पावलांवर असेल तर तुमचा विचार संपायच्या आत तो अंगावर येतो. कमरेखाली मारा म्हणतात, पण चालून येणाऱ्याची छातीच दिसते. जीव जाणार असेल तरच गोळी, आणि त्याआधी इशारा. तिच्या जागी मी असते तर मीही झाडली असती. पण तिच्या जागी मी असते तर मला तो काय म्हणतो ते कळलं असतं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच बसायला सांगितलं. समोर टाइप केलेला जबाब. त्यात लिहिलं होतं, आरोपीस त्याच्या बोलीभाषेत समज देण्यात आली. समज देणारी म्हणून माझं नाव. आईशी फोनवर पावरीत बोलले तर हेच साहेब ओरडायचे, ठाण्यात मराठीत बोल. आता माझी बोली त्यांच्या कागदावर हवी होती.

"सही कर," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून रायफल तुझ्याकडे."

खोटं सांगत नाही, माझा हात पेनाकडे गेला. तीच रायफल. रेखाने बघत राहावं आणि मी पुसत बसावं, एवढं चित्र डोळ्यांपुढे आलं. मग मांडीवरचे ते गरम डबे आठवले.

"मी समज दिली नाही, साहेब. मी गाडीत होते."

साहेबांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "रेखावर जळतेस. तिला अडकवायला बघतेस."

"जळते," मी म्हटलं. "पण सही करणार नाही."

बाहेर बाकावर रेखा बसली होती. "तो मन्हा अंगवर उना," ती तिच्या अहिराणीत म्हणाली, अंगावर आला म्हणून. "मी काय करू बरं?" मी तिच्या शेजारी बसले. ती आता हसत नव्हती, आणि त्याने मला बरं वाटलं नाही.

माझा जबाब मी माझ्या अक्षरात लिहिला आणि चौकशीच्या अधिकाऱ्यांकडे दिला. जामसिंग धारिया द्यायला आला की मारायला, हे शपथेवर सांगता येणार नाही. तो काय ओरडत होता, ते सांगता येतं. ते लिहिलं. मला गाडीत बसवलं, ते लिहिलं. आणि ऐकूनही मी तीन-चार श्वास मत्सराने बसून राहिले, तेही लिहिलं. वकील ओळखीचा आहे, तो म्हणाला ही शेवटची ओळ काढ, नोकरी जाईल. मी ती काढली नाही. ती काढली तर बाकीच्या ओळींवर कोण विश्वास ठेवील?

आता मला जप्त मालाच्या खोलीत बसवलंय. बोलत कुणी नाही. चालेल. डबे ज्याचे त्याने सांभाळावेत. पुन्हा डोंगरात गाडी गेली आणि मी तिच्यात असले, तर सगळ्यांच्या आधी मी उतरणार, रायफल कुणाच्याही खांद्यावर असो. आणि शेठच्या पोराला दिलेला तो तास मी मागणार. दारात उभ्या असलेल्या प्रत्येक जामसिंगासाठी मागणार. रेखाचा हेवा सुटला माझा. त्या तासाचा सुटलेला नाही, आणि मी तो सोडणारही नाही.