टाचणीबाईंचा पट्टेरी रस्ता

तोंडात टाचण्या धरूनच बोलायच्या, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना टाचणीबाई म्हणे. शिवणकामात त्यांचा एकच नियम होता: माप कुणाचंही असो, चार बोटं कापड जास्त सोडायचं. माणूस वाढतो. निदान पोट तरी.

थोरली बहीण अक्का रस्त्यापलीकडेच राहायची. पण रस्ता रुंद झाला, गाड्या उधळल्या, आणि अक्काच्या दुखऱ्या गुडघ्यांना तो काही ओलांडवेना. दोघी आपापल्या कडेला खुर्ची टाकून भांडायच्या.

"अक्का, चहा झालाय, ये!"

"इकडंच फेक! तिथवर यायचं म्हणजे आधी वर जायचं!"

एक दिवस अक्का ओरडली, "मी कायमची मुलाकडे चालले गं! तिथं भांडायला माणूस हाताशी तरी असेल!"

टाचणीबाईंनी टाचणी गिळायचीच बाकी ठेवली. तडक नगरपालिका गाठली आणि रस्ता ओलांडायला झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे मागितले.

साहेब म्हणाले, "तिथून कुणी रस्ता ओलांडतच नाही. पट्टे कशाला मारायचे?"

"अहो, ओलांडायला माणूस जिवंत तर राहिला पाहिजे!"

साहेबांनी पुढची फाईल ओढली. मग बाईंनी मशीन काढलं. शेजाऱ्यांनी पांढऱ्या चादरी दिल्या, वकीलकाकांनी जुने काळे कोट. एका कोटाचा खिसा उसवायचा राहूनच गेला. रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून तो पट्टेरी गालिचा रस्त्यावर अंथरला, तर तो पलीकडच्या न्हाव्याच्या दुकानात, थेट खुर्चीखाली!

"बाई, हे काय?" न्हावी ओरडला.

"चार बोटं जास्त धरलीत."

"ही चार बोटं? कुणाची, राक्षसाची?"

"उद्या रस्ता वाढला तर?"

गाडीवाले तो प्रकार बघून जागच्या जागी थांबले. साहेब धावत आले. "उचला हे आधी!"

पण उचलणार कसं? कापडावर सतत कुणीतरी चालतच होतं. चष्मेवाले आजोबा गेले, आले, पुन्हा निघाले.

"आजोबा, आत्ताच गेला होतात ना?" साहेबांनी विचारलं.

"काहीतरी विसरलो."

"काय?"

"तेच आठवायला चाललोय."

एवढ्यात अक्काची काठी कापडावर टेकली. अक्का मध्यावर आली आणि थांबलीच.

"अगं, रस्त्याला खिसा कशाला?"

"आधी ये तू!"

मागं हॉर्न वाजला. कापडाचं टोक हातात धरलेले साहेब गर्रकन वळले आणि दुसरा हात उंचावून कडाडले, "ए, थांब! आजी जातायत, दिसत नाही?"

मग काय, साहेबांनाच लाज वाटली असावी. आठवड्याभरात रंगारी आला. "कापडावर बेतून मारा," एवढंच त्याला सांगितलं होतं. त्यानं इमानेइतबारे पट्टे मारले, न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत. मधोमध खिसाही रंगवला.

मुलाकडे जायचा विषय अक्काने परत काढला नाही. रोज दुपारी ती रस्ता ओलांडून येते, बूड टेकते आणि पहिला घोट घेते.

"पाणचट केलायस."

टाचणीबाई तोंडातल्या टाचण्या काढून ठेवतात. आता भांडण जवळून करायचं असतं.