शेक चालू हाय

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांच्याही आधी मला माझी अक्का आठवते. माझी मोठी बहीण. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि मला तिथवर पोचवणारी ती, सातवीत शाळा सुटलेली. मी मुखेडला खोली करून शिकत होतो तेव्हा सकाळच्या एसटीत माझा डबा असायचा. तो ड्रायव्हरच्या हाती द्यायला अक्का फाट्यावर येऊन उभी राहायची. तिचं लग्न झालं ते त्याच रस्त्यावरच्या गावात, तर तिथूनही डबा येत राहिला. त्यावरून तिला सासरी टोमणे बसत. "सून आणली का खानावळ?" असं तिचा भाया, म्हणजे तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ, चारचौघांत म्हणायचा. डबा मात्र एकदाही चुकला नाही.

उपकार जाणणाऱ्या माणसाला राग येत नाही असं लोक समजतात. माझं उलटं आहे. अक्काचा डबा मी विसरलेलो नाही, म्हणूनच भायालाही विसरलेलो नाही.

मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. मेडिकलला जाऊ पाहणारी मुलं समोर बसतात. पेशीचं विभाजन कसं होतं, ते बेलगाम झालं की काय होतं, हे मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढून दाखवतो. अक्काच्या छातीत गाठ निघाली तेव्हा मला वाटलं, आपल्या शिक्षणाचा कुठे उपयोग व्हायचा असेल तर इथेच. झालाही थोडा. "सुई लावली की गाठ खवळती," असं म्हणून भायांनी बायोप्सीच अडवून धरली होती. मी घरी जाऊन भांडलो आणि तिला नांदेडला नेलं. रिपोर्ट वाईट आला. ऑपरेशनमध्ये एका बाजूचा स्तन काढावा लागला, मग केमो. केमोच्या प्रत्येक डोसाला मी लातूरहून जात होतो. केस गेले तेव्हा अक्का म्हणाली, "बरं झालं, तेलाचा खर्च वाचला," आणि डोक्यावरचा पदर घट्ट केला.

केमो संपल्यानंतर पुढचं ठरवायला डॉक्टरांनी बोलावलं, त्या एका दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. भाया तिच्यासोबत गेले. त्या घरात कागद, चिठ्ठ्या, दवाखाने, सगळं त्यांच्याकडेच असतं. दाजी, म्हणजे अक्काचा नवरा, भावापुढे तोंड उघडत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, आता शेक घ्यायचा आहे.

इथे या शब्दाबद्दल सांगायला हवं. रेडिएशन किंवा रेडिओथेरपी म्हटलं की आमच्याकडचा पेशंट नुसता बघत राहतो. म्हणून डॉक्टरांपासून वॉर्डातल्या मावशीपर्यंत सगळे त्याला 'शेक' म्हणतात. मोठ्या मशीनमधून किरण सोडून राहिलेल्या पेशी मारायच्या, आठवड्यातले पाच दिवस, महिनाभराच्या वर. आणि आमच्या घराघरांत शेक म्हणजे तव्यावर तापवलेलं मीठ फडक्यात बांधून दुखऱ्या जागेवर ठेवणं. शब्द एकच. दोन्हीकडची माणसं मान डोलावतात, आणि दोन्हीकडे वेगळी गोष्ट डोलत असते.

आठवड्याभराने मी फोन केला. भायांनी उचलला.

"शेकाचं काय ठरलं?"

"सुरू हाय की सर. कायबी फिकीर करू नका. रोज चालू हाय."

"रोज? शनिवार-रविवार सुट्टी असते ना?"

मग ते म्हणाले, "आपल्याकडं सुट्टी न्हाई," आणि हसले.

मला वाटलं, नांदेडला तशी पद्धत असेल. अक्काला फोन द्यायला सांगितलं.

"हाव भाऊ, शेक चालू हाय," ती म्हणाली. "जरा बरं वाटून राहिलंय."

"कातडी काळी पडली का?"

"पडलीय थोडी."

"मग बरोबर आहे. तसं होतंच."

हे बोलून मी फोन ठेवला आणि वर्गावर गेलो.

दिवाळीच्या सुट्टीत फराळाचा डबा घेऊन मी तिच्या घरी पोचलो. सोयाबीनची काढणी चालू होती. चुलीपुढे अक्का मजुरांच्या भाकरी थापत बसली होती, बाजूला टोपलं भरलं होतं. मी विचारलं, आज नांदेडला गेली नाहीस का? ती म्हणाली, "नांदेडला कामून?" तेवढ्यात थोरल्या जाऊबाई, भायांच्या मंडळी, मिठाचं मडकं घेऊन आल्या आणि तव्यावर मीठ ओतत म्हणाल्या, "चल गं, शेकाची वेळ झाली."

"हे काय?" मी म्हणालो.

"शेक."

"आणि मशीनचा?"

"मशीनचा कसला? शेक तव्याचाच असतो की. तुमच्या लातुरात मशीनीनं देतात व्हय?"

अक्का हसली. "लई शिकला म्हणून असा झालाय," ती जाऊबाईंना म्हणाली. "ह्याला भाकरीबी मशीनीची लागती आता."

जाऊबाई कौतुकानं सांगू लागल्या, "पर लई सोशीक हाय तुमची बहीण. कितीबी तापवून ठेवा, तोंडातून हूं का चूं काढत न्हाई. परवा फोड आला तरी म्हणती, मला काय कळलंच न्हाई."

कळणार कसं? ऑपरेशनमध्ये तिथल्या बारीक नसा कापल्या जातात. ती जागा बधिर झालेली असते. तिथे निखारा ठेवला तरी कळणार नाही. महिन्याच्या वर हे चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी तिला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी पडद्यामागे तपासलं आणि बाहेर येऊन बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "हे भाजलंय."

"शेक घेतला," अक्का म्हणाली. "तुम्हीच सांगितला की साहेब."

डॉक्टर वयानं माझ्याएवढेच असतील. त्यांनी अक्काकडे पाहायचं टाळलं. मला म्हणाले, "शब्द माझा चुकला असेल. पण त्यांच्याबरोबर जे आले होते त्यांना मी खाली मशीनच्या विभागात पाठवलं होतं. सगळं समजून घेऊन ते वर येऊन गेले." मी खाली गेलो. तिथे तारखा देणाऱ्या मॅडमनी फाईल पाहिली आणि लगेच म्हणाल्या, "टोकदार पांढरी टोपी, जाड चष्मा? ते काका आले होते. किती दिवस लागतात, रोज यावं लागतं का, राहायची सोय काय, सगळं विचारलं. दारातून मशीनपण पाहिली. मग म्हणाले, सोयाबीन निघाल्यावर बघू."

तोपर्यंत मी त्यांना अडाणी समजत होतो. अडाणीपणावर मला कधी राग धरता आलेला नाही, मी त्यातूनच आलोय. पण हा माणूस मशीन बघून परत आला होता. एका शब्दाला दोन अर्थ आहेत हे नांदेडात आणि अक्काच्या गावात मिळून फक्त त्यालाच कळलं होतं. आणि तो शब्द त्यानं अक्काला एका अर्थानं दिला, मला दुसऱ्या.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात मी विचारलं, "पाव्हणं, मशीन पाहिली होती ना तुम्ही?"

"पाहिली की. लई मोठी हाय."

"मग फोनवर मला काय सांगितलं?"

"शेक चालू हाय म्हणलो." ते बाजेवर बसले होते, उठलेसुद्धा नाहीत. "चालू होता का न्हाई? इचारा तुमच्या बहिणीला. मी कुठं खोटं बोललो?"

"तिला भाजलंय. औषधाचे दिवस वाया गेले."

"अन् मजुराच्या भाकरी कोण केल्या असत्या? तुम्ही आले असते लातूरहून?"

दाजींकडे मी पाहिलं. ते "मोटर चालू करून येतो" म्हणून शेताकडे निघून गेले. गावात लाईट नव्हती.

त्या रात्रीच मी अक्काचं बोचकं बांधलं. लातूरला आणलं, माझ्या घरी. भाजलेली कातडी भरल्याशिवाय मशीन लावता येत नव्हती, त्यात आणखी दिवस गेले. मग छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा आखल्या, त्या पुसायच्या नाहीत अशी ताकीद मिळाली. अक्का ती ताकीद इतकी पाळायची की अंघोळीला भीत भीत जायची. एकेका दिवसाच्या शेकाला 'फ्रॅक्शन' म्हणतात, हे तिनं दोन दिवसांत शिकून घेतलं. रांगेतल्या बायकांना विचारायची, "तुमचं कितवं फ्रॅक्शन, बाई?" मशीनबद्दल मला म्हणाली, "नुसती फिरती. दळणाची गिरणी तरी आवाज करती." मी हसायचो आणि बाहेरच्या बाकावर बसून भायांना काय काय बोलायचं ते मनात जुळवत राहायचो. एकही वाक्य पुरेसं वाटत नव्हतं.

उपचार संपल्यावर तपासण्या झाल्या आणि फाईलवर 'एनईडी' अशी अक्षरं आली. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, आजाराचा पुरावा सापडला नाही, असा त्याचा अर्थ. "आजार नाही, असं मात्र समजू नका," त्या म्हणाल्या. "मधे उशीर झालाय, तो कसा वागेल ते आज सांगता येत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. चुकवायचं नाही."

अक्का सासरी परत गेली. तिथे भाया लोकांना सांगत होते, मीच हिला लातूरला शेकाला धाडली, म्हणून वाचली. पहिल्या तपासणीला मी जाऊन तिला घेऊन आलो. दुसऱ्या तपासणीच्या वेळी माझ्या क्लासमधल्या मुलांच्या परीक्षा होत्या, म्हणून फोन केला, दाजींबरोबर पाठवा. भाया म्हणाले, "कशाला? ठणठणीत हाय. डॉक्टरच लिहून दिलाय, पुरावा न्हाई म्हणून." पुन्हा तेच. दवाखान्यातून निघालेला दुसरा शब्दही त्यांनी खिशात घातला होता. तपासणीची तारीख टळून गेली. अक्का मला म्हणाली, "जाऊ दे रे, त्यांना काय समजतं." मी म्हणालो, समजतं, तेच तर आहे.

मी जाऊन तिला आणू शकत होतो. आणणारही होतो, गरज पडली तर. पण दर वेळी मीच धावायचं आणि त्यांनी बाजेवर बसून राहायचं, हे मला मान्य नव्हतं. कितीतरी भल्या माणसांनी मला सांगितलं, मोठ्या मनानं माफ करा. माझं मन तेवढं मोठं नाही, आणि ते तसं नाही याचं मला दुःख नाही.

भायांची एक गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे. गावात कोणाचंही पत्र, नोटीस, दवाखान्याची चिठ्ठी आली की ती त्यांच्या ओसरीवर येते. ते टोपी नीट करतात, चष्मा लावतात आणि आधी मनात न वाचता थेट खणखणीत आवाजात सुरू करतात. संध्याकाळी तिथे दहा-पंधरा माणसं सहज असतात. फोन मधेच कापता येतो. मोठ्यानं वाचायला घेतलेलं पत्र मधेच थांबवलं, तर ते थांबलेलं सगळ्यांना दिसतं. म्हणून मी फोन केला नाही. अक्काला पत्र लिहिलं, आणि भायांनी ते चारचौघांत मोठ्यानं वाचायला घ्यावं म्हणून त्याच्या सुरुवातीला त्यांची स्तुती लिहिली.

तीर्थरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. हे पत्र भायाच वाचत असतील. त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांच्यासारखं स्पष्ट वाचणारं तुमच्या पंचक्रोशीत दुसरं कोणी नाही. दवाखान्याचे अवघड शब्दसुद्धा ते लोकांना समजावून सांगतात, म्हणून मी मुद्दाम पत्र पाठवतोय. माणसं जमली नसतील तर जमू दे, मग पुढे वाचायला सांग.

तुझ्या आजारातले काही शब्द गावाला नीट कळलेले नाहीत. भायांच्या तोंडून ऐकले की पटतील. कॅन्सरच्या दवाखान्यात शेक म्हणजे खोलीभर मोठी मशीन असते. भायांनी ती नांदेडला दारात उभं राहून पाहिली आहे. पाहून घरी आले आणि तुला तव्यावरचं मीठ दिलं. भाया, थांबू नका. पाणी प्यायचं तर प्या, आणि पुढे वाचा. अक्का, असं का केलं ते त्यांना विचार. आत जाऊन विचारू नकोस, जिथे बसली आहेस तिथूनच विचार.

जाऊबाईंना सांग, तुझ्या अंगावर फोड आला तेव्हा तू सोशीक नव्हतीस. तिथल्या नसा कापलेल्या होत्या. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यावर माझा राग नाही.

तुझ्या शरीरात आजाराचा पुरावा सापडलेला नाही. तरी तपासत राहावं लागतं, कारण तो कुठे दबून बसलेला असू शकतो. भायांचा मात्र पुरावा सापडला आहे. मशीनजवळच्या मॅडमना त्यांची टोपी अजून आठवते.

येत्या सोमवारी तुझी राहिलेली तपासणी आहे. तुला भाया घेऊन येतील. दाजी नाहीत आणि मीही नाही. बायकांच्या रांगेत तुझी फाईल मांडीवर घेऊन ते बसतील. तुझा नंबर पुकारला की डॉक्टरीणबाई विचारतील, मधे उशीर का झाला. ते उत्तर भाया देतील. दर तीन महिन्यांनी देतील. यायचं नसेल तर त्यांनी आत्ता, ऐकणाऱ्या सगळ्यांसमोर, नाही म्हणावं.

सकाळची एसटी धरा. माझा डबा ज्या गाडीत ठेवायचीस तीच. मुखेडला उतरून लातूरची गाडी मिळेल. खिडकीपाशी तू बस. येताना डबा आणू नकोस, इथे जेवण तयार असेल. तुझ्यापुरतं.

तुझा,
भाऊ