दुसऱ्या बॅटरीतलं पाणी

आमच्या घरात देवच उरले नव्हते, तर भूत कुठून येणार? धर्म बदलला तेव्हा वडलांनी देव्हारा रिकामा केला. अंगात येणं, लिंबू उतरवणं, सगळं बंद. मी तसाच वाढलो. चौथीपर्यंत शाळा, मग गाडीवर. कुणी भुताचं सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचो. पुतण्याची पोरगी हे सदर वाचते, ती लईच मागं लागली म्हणून लिहितोय. चुका असतील, त्या तुम्ही दुरुस्त करून वाचा.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. मी एका सहकारी संघाच्या जीपवर ड्रायव्हर होतो. परंडा तालुक्यात गावोगाव जायचं, गावाबाहेर तंबू ठोकायचा, चार-पाच दिवस मुक्काम करायचा. दिवसा लाऊडस्पीकरवर पुकारायचं, संध्याकाळी दिव्याखाली सभा. म्हणून जीपमध्ये दोन बॅटऱ्या. एक इंजिनाची. दुसरी मागं लाकडी पेटीत, तिच्यावर दिवा आणि स्पीकर. ही दुसरी मी मुद्दाम ट्रकची घेतली होती, जाड प्लेटांची. दिवा तासन्‌तास जाळायचा तर हलकी बॅटरी टिकत नाही. दोन्हींच्या मध्ये एक खटका. गाडी पळत असली की खटका टाकायचा, दोन्ही चार्ज होतात. गाडी थांबली की खटका काढायचा. विसरलात तर सभेचा दिवा इंजिनाची बॅटरी पण पिऊन टाकतो, आणि सकाळी जीप जागची हलत नाही.

उन्हाळ्यात बॅटरीला पाणी लई लागतं. सहा खाने, सहा टोपणं. आठवड्याला उघडून बघायचं आणि प्लेटा बुडतील एवढं बाटलीतलं डिस्टिल वॉटर घालायचं. विहिरीचं घातलं तर क्षार धरतो, बॅटरी गेली. हे काम माझी बायको शांता करायची. मुक्कामावर स्वयंपाकाला ती माझ्यासोबतच असायची. तिच्या पदराला बॅटरीतल्या तेजाबाची, ॲसिडची, बारीक बारीक भोकं पडलेली. मी बॅटरीला जपतो म्हणून चिडवायची — "आले तुमच्या सहा बायकांना पाणी पाजून. मला कधी पाजताय?"

उन्हाळ्याच्या तोंडाला शांता काविळीनं गेली.

मग तिची आई स्वयंपाकाला आली. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. तोंडानं फटकळ, पण तिनंच मला जेवायला लावलं. शांता गेल्यावर मला ती पेटी उघडवेना. महिना-सव्वा महिना मी हात लावला नाही. दिवा मात्र रोज लखलखीत...

सोनारीच्या मुक्कामावर एका सकाळी मन घट्ट करून पेटी उघडली. म्हटलं प्लेटा उघड्या पडल्या असतील, बॅटरी गेली असेल. टोपणं काढली. सहाच्या सहा खाने काठोकाठ. डिस्टिल वॉटरची बाटली सीटखाली होती तशीच, सील न तोडलेली, वर धूळ.

"आत्या, बॅटरीत पाणी तुमी घातलं का?"

"मी? हितं प्यायला घोटभर न्हाय, बाया घागरीसाठी मैलभर जात्यात, आन् मी तुझ्या डबड्याला पाजू? येडा झाला का किसन्या?"

मी पेटीला कुलूप लावलं, किल्ली करदोड्याला बांधली. आत्या चार दिवस भावाकडं बेंबळीला गेली. तरी पाणी तेवढंच. गावातला एक जण म्हणाला, भैरोबाला कौल लावा. त्याला मी हाकलून दिलं. भीती वाटत नव्हती. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला पेटी उघडायची ओढ लागली होती. गाडी पुसायच्या आधी पेटी, चहाच्या आधी पेटी. शांता इथंच आहे का, एवढंच मला पाहिजे होतं. आणि आहे असं मानावं तर बापाचं तोंड डोळ्यांपुढं यायचं.

आत्या परत आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपल्यात आसलं काय नसतंय." मग पेटीकडं बघत म्हणाली, "माज्यादेखत उघड बरं."

भर दुपार होती, चिटपाखरू नाही. तेजाब तपासायची काचेची नळी असते, वर रबरी फुगा, आत तरंगता काटा. त्या नळीनं मी एका खान्यातलं पाणी ओढून काचेच्या बरणीत काढलं, प्लेटा उघड्या पडेपर्यंत. टोपण लावलं, पेटी बंद केली. आत्या पेटीवर बसली. बरणी माझ्या दोन्ही हातांत. एक बिडी ओढून होईल एवढाच वेळ गेला असेल.

उघडलं. खाना भरलेला.

बरणी पण भरलेलीच. खान्यात नळी घालून काटा बघितला. नुसतं पाणी शिरलं असतं तर काटा बुडाला असता. तो वरच तरंगत होता, पुऱ्या तेजाबात तरंगतो तसा.

माझा हात दुसऱ्या खान्याकडं गेला. आत्यानं मनगट धरलं.

"पुरं आता. मेल्यावर बी कामाला लावतो का माझ्या लेकीला? दमली आसंल ती."

मी खाली बसलो. कुणाकडं बघून बोलायचं तेही कळेना. बॅटरीकडं बघूनच म्हणालो, "शांते, राहू दे. हितनं पुढं मी भरतो."

त्या दिवसापासून पाणी उतरायला लागलं. कुठल्याही बॅटरीचं उतरतं तसं. पहिल्या वेळी मी बाटलीचं सील फोडून भरलं. पुढच्या वेळी बाटली हातात घेतली आणि तशीच ठेवली. ऐन उन्हाळ्यात, धडधाकट बॅटरी, मी कोरडी पडू दिली. रोज उघडून बघायचो. प्लेटा उघड्या पडल्या, मग पांढऱ्या पडल्या. भरल्या सभेत दिवा पिवळा होत होत विझला, माणसं अंधारात चपला शोधत घरी गेली. संघाचे साहेब मला नाही नाही ते बोलले. मी ऐकून घेतलं.

आत्या भाकरी वाढताना म्हणाली, "कशाला वाट बघतो किसन्या? तूच नको म्हणलास न्हवं?"

मी परत लग्न केलं नाही. पाणी कुठून आलं हे कळंबच्या दोन बॅटरीवाल्यांना विचारलं. एक हसला, दुसऱ्यानं सावलीत बसवून पाणी दिलं. तुमच्यात कुणाला ठाऊक असेल तर सांगा, पण मी त्याचा नाद सोडलाय. शांतानं जिवंतपणी माझं एक ऐकलं नाही. बस म्हटलं की उठायची, उठ म्हटलं की बसायची. मग तेवढंच कसं ऐकलं?