कुरकुरणारा खुबा

जगातलं कुठलंही यंत्र आमच्या घरमालक आबांपासून आपलं दुखणं लपवू शकत नाही. आबा मूळचे निरवांगीचे, पण उभी हयात बारामतीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून निदान सांगायचं, ही त्यांची पद्धत. आमचा मिक्सर, वरच्या मजल्यावरचा पंखा, पाहुण्यांची मोटारसायकल, तपासल्याशिवाय त्यांनी कुणालाच सोडलं नाही. एकदा माझ्या मैत्रिणीची स्कूटी फाटकात थांबायच्या आत त्यांनी मागचं बेअरिंग गेल्याचं जाहीर केलं. मैत्रीण हसली, आणि इंदापूरच्या अलीकडे अडकली.

काही वर्षांपूर्वी आबांच्या डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती. अख्खा सांधा न बदलता हाडाच्या गोलावर धातूची टोपी बसवली होती आणि ती फिरायला धातूचीच वाटी. जुनं इंजिन आतून घासून नवं करतात तसं, म्हणून आबा त्याला 'माझं रिबोरिंग' म्हणत. यंदा जांघेत दुखायला लागलं. एक्स-रे चांगला आला, तरी आबांचं एकच, टोपी घासतीय. पुण्यातले डॉक्टर मूळचे केरळचे, त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला त्यांनी बरोबर नेलं. मी चार माणसांत तोंड उघडत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यामुळे मी बोलेन ते नेमकंच बोलेन, असा त्यांचा समज असावा.

"खुबा लय कुरकुरतोय, सांग त्यास्नी," आबा म्हणाले.

कुरकुर म्हणजे तक्रार, एवढंच मला ठाऊक. हे खुब्याबद्दल फार तक्रार करतात, असं मी इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर समजुतीनं हसले, गोळ्या लिहिल्या आणि सहा महिन्यांनी यायला सांगितलं.

"आवाजाचं बोललीस का, पोरी?"

मी मान हलवून नाही म्हटलं. आबा रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक स्वतःच्या खुब्याला टेकवलं, मूठ डॉक्टरांपुढे धरली आणि बसल्या जागी पाय वरखाली करू लागले. डॉक्टर भले माणूस. त्यांनी वाकून कान लावला. मग पुन्हा लावला, आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी रक्तातला धातू तपासायला सांगितला, वेगळा स्कॅनही काढला. घासून निघालेली धातूची पूड आतल्या आत स्नायू खात होती. सहा महिने थांबलो असतो तर पाय वाचला तरी चालणं गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्याच आठवड्यात सांधा बदलला.

आता आबा काठीशिवाय चालतात आणि येईल त्याला सांगतात, "एक्स-रेत न्हाय घावलं, ह्या पोरीनं इंग्लिशमदी बराबर पकडलं." माणसं माझ्याकडे कौतुकानं बघतात. खरं काय ते सांगावं म्हणून मी तोंड उघडते, तेवढ्यात आबांना तहान लागते. मी पाणी घेऊन येईपर्यंत ते दुसऱ्याच विषयावर गेलेले असतात.