उलट्या काकांनी मागितलेली सावली

माझे धाकटे दीर जन्मभर उलटे चालले. हे त्यांच्या स्वभावाबद्दल नाही म्हणत मी, स्वभावाने अगदी सरळ माणूस. धंदाच तसा. दोर वळणाऱ्याला मागे मागे चालावं लागतं. एका टोकाला चाक असतं, चाकाला आकडे. आकड्यात काथ्या अडकवायचा, एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने कमरेला काथ्याचा भारा गुंडाळून, बोटांतून थोडा थोडा सोडत मागे सरकत जायचं. जितकं मागे जाल तितका दोर लांब. मधे थांबायचं नाही, वळायचं तर मुळीच नाही. म्हणून पोरं त्यांना उलटे काका म्हणायची. पुढे मोठी माणसंही म्हणायला लागली.

मी नवी नवरी होते तेव्हा एकदा जेवणाचा डबा घेऊन नदीकाठी गेले, तर समोरून एक पाठ माझ्याकडे चालत येतेय. मी आपली घाबरून जागच्या जागी उभी. हातभर अंतरावर पाठ थांबली आणि म्हणाली, "वहिनी, बाजूला व्हा, नाहीतर तुमचाही दोर होईल."

"मागे न बघता कसं कळलं हो भाऊजी?"

"डब्याचं झाकण सैल आहे. वाजतं."

नदी आणि रस्ता यांच्या मधे त्यांची ती पट्टी होती. अलीकडे पत्र्याची शेड, तिच्यात चाक. पलीकडे बोटी बांधायचा जुना दगडी खांब. मधे काही म्हणजे काही नाही. गवत नाही, कारण भाऊजींच्या टाचांनी ते कधी डोकं वर काढूच दिलं नाही. जागा कोणाची, हे कोणी विचारलं नव्हतं. सासरे तिथेच वळायचे, त्यांचे वडीलही तिथेच. रोज डोळ्यांसमोर असतं त्याची चौकशी कोण करतो?

नायलॉन आलं आणि धंदा आटला, पण मेला नाही. नावाड्यांना हाताला न कापणारा दोर हवा असायचा. नाटकवाल्यांना पडदे ओढायला, व्यायामशाळेतल्या पोरांना लोंबकळायला. सगळ्यांना लांबच हवा. चाक माझी जाऊ फिरवायची. नवराबायकोचं भांडणही त्या दोरावरूनच चालायचं. हे लांब गेले की हिचा आवाज चढायचा, जवळ आले की उतरायचा. रस्त्यावरच्या लोकांना अर्धंच भांडण कळायचं.

एक ऊन तेवढं वाईट. डोक्यावर आडोसा नाही. भाऊजींची मान मागून भाजलेल्या विटेसारखी झाली होती. डॉक्टरांनी मानेवरचा एक डाग कापून काढला आणि सांगितलं, ऊन टाळा.

"टाळतील की," जाऊ म्हणाली, "नदीला सांगते जरा घरात ये म्हणून."

मग नदीकाठ सुधारायचं निघालं. बाग होणार, फिरायला वाट होणार. आधी आम्ही धसकलो, कारण असं काही निघालं की आधी आमच्यासारख्यांना हलवतात. पण या वेळी एक मुलगी आली, काखेत नकाशांची गुंडाळी. दारोदार फिरली, जमिनीवर मांडी घालून बसली, चहा प्यायली. म्हणाली, "आम्ही ठरवणार नाही. तुम्ही सांगायचं, आम्ही काढायचं." आमच्याशी इतकं गोड कोणी बोललं नव्हतं. आम्ही तिला नकाशावाली म्हणायला लागलो.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. खुर्च्या पहिलीच्या वर्गाच्या. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. एकेकाने उठून मागायचं. न्हाव्याने दिवा मागितला. जाऊने नळ मागितला. मी पाठ टेकायचा बाक मागितला; नुसता फळीचा नको, म्हातारपणी पाठ काय हातात धरून बसायची, असं म्हटलं तर सगळे हसले. नकाशावालीने तेही लिहून घेतलं.

भाऊजी मागच्या भिंतीला टेकून होते. न्हावी म्हणाला, "उलटे काका, कधीतरी पुढे या की!" त्यांना ढकलत आणलं. ते उभे राहिले, टोपी काढली, परत घातली.

"मला काय... सावली हवी," ते म्हणाले. "उन्हात जन्म गेला. झाडं असली तर बरं होईल."

"कुठे हवीत काका?"

"कुठे म्हणजे? तिथेच. मी असतो तिथे."

अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. पोरीचे डोळे भरून आले. खरंच आले, मी समोरच होते. तिने हिरवं पेन घेतलं आणि नकाशावर गोल काढले.

घरी जाताना भाऊजींचे पाय जमिनीला लागत नव्हते. "वहिनी, मी बोललो की नाही?"

"बोललात बाई. पुढारीच झालात."

"आता मान वाचली."

पुढे नकाशा पक्का होऊन त्याच हॉलमध्ये लागला. आम्ही बघायला गेलो. माझा बाक होता, नळ होता, दिवा होता. पत्र्याची शेडसुद्धा होती, तिला छान रंग दिलेला. जाऊने नाक नकाशाला लावलं.

"अहो, ही झाडं तर पट्टीच्या मधेच आलीत."

"अगं, कागद लहान आहे," भाऊजी म्हणाले. "एवढ्याशा जागेत सगळं काढायचं म्हणजे दाटी दिसणारच. त्यांना काय दिसत नाही का मी कुठे चालतो ते? आख्खं गाव बघतंय."

तिथे नकाशावाली उभीच होती. तिला विचारता आलं असतं. पण जिने आपल्यासाठी डोळ्यांत पाणी आणलं तिला उलटतपासणी कशी करायची? भाऊजींनी तिला हात जोडले आणि आम्ही परत आलो.

माणसं खांबाच्या बाजूने खड्डे खणत आली तेव्हा भाऊजी पट्टीच्या मधे होते, दोर हातात ताणलेला. मागे टाच टेकवायला गेले तर टाचेखाली माती नाही. पडले. दोराचा पीळ सुटून सगळा गुंता झाला. उठून मागे बघतात तर पार खांबापर्यंत खड्डेच खड्डे, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि त्यांच्या मधून पांढऱ्या चुन्याने नागमोडी वाट आखलेली.

मुकादम चांगला माणूस होता. त्याने कागद दाखवला. "काका, इथे लिहिलंय, लोकांच्या मागणीनुसार."

"ती मागणी माझीच आहे रे," भाऊजी म्हणाले.

"मग झालं तर!" मुकादम खूश झाला.

आम्ही तिघं ऑफिसात गेलो. नकाशावालीला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. "काका, मला वाटलं तुम्हाला झाडांमध्ये काम करायचंय. तुम्ही म्हणालात, तिथेच."

"कडेला म्हणालो ना मी."

"कडेला नाही म्हणालात काका."

भाऊजींनी आठवून बघितलं. नव्हते म्हणाले. कडेला हे काय सांगायचं असतं? चुलीत झाड लावू नका, असं कोणी सांगतं का?

"झाडांना वळसा घालून नाही का जमणार?" तिने हळूच विचारलं.

जाऊ भडकली. "ताई, ताणलेला दोर वळसा घालेल का? झाडं कापेल तो तुमची!"

पोरीने धडपड केली हो, खोटं कशाला बोलू. आत तिच्या साहेबांकडे दोनदा गेली. बाहेर येऊन म्हणाली, सभेने मंजूर केलंय, तर बदलही सभेनेच करायचा. लोक म्हणाले झाडं हलवा, तर हलवू.

म्हणजे परत तो हॉल, परत त्या खुर्च्या. तोपर्यंत रोपं लागली होती. जाऊ घरोघर सांगून आली होती. सगळे हो हो म्हणाले होते. पण सभेत कोणी उठेना. न्हावी माझ्या कानाशी आला. "आजी, त्यांच्यासाठी जीव देईन. पण झाड उपटा म्हणून बोलायला जीभ कशी उचलायची? आणि ते सुद्धा त्यांनीच मागितलेलं?" मीही उठले, म्हटलं, "आमच्या भाऊजींची पट्टी तेवढी मोकळी ठेवा." मागून एक पोरसवदा आई म्हणाली, "आजी, पोरांना खेळायला दुसरीकडे कुठे सावली आहे हो?" तिचं मूल कडेवर झोपलं होतं. मी बसले.

मग भाऊजींना बोलावलं. ते उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. त्या आईकडे बघितलं, तिच्या पोराकडे बघितलं. जाऊ खालून त्यांचा सदरा ओढत होती, "बोला ना, अहो बोला ना."

"रोपांना पाणी वेळेवर घाला," भाऊजी म्हणाले, "नाहीतर मरतील." आणि खाली बसले.

परत टाळ्या. जाऊने हॉलमधेच तोंडाला पदर लावला.

आता नळ आहे, दिवा आहे. शेडबाहेर पाटी लावलीय, इथे पूर्वी दोर वळत असत म्हणून. "पूर्वी" वाचून जाऊ चाकापाशी जाऊन बसली ती जेवायलाही उठली नाही. लांब दोर आता होत नाही. दोन झाडांच्या मधे कपडे वाळत घालायची दोरी होते, ती नायलॉनची स्वस्त मिळते. नाटकवाले येऊन गेले, वाईट वाटलं म्हणाले, दुसरीकडून घेतलं. दुसरी पट्टी शोधायला भाऊजी नदीकाठाने पार पुलापलीकडे जाऊन आले. तिकडेही झाडांसाठी खड्डे.

माझा बाक चांगला आहे, पाठ टेकते. काल मी बसले होते तर भाऊजी कमरेला काथ्या गुंडाळून आले. शेवटचा भारा राहिला होता. रोपांना काठीशी प्लास्टिकच्या सुतळीने बांधलंय, ती सालीला काचते, हे त्यांनी बघून ठेवलं होतं. एकेका रोपाची सुतळी सोडून ते मऊ काथ्याची दोरी हातानेच वळून बांधत होते, वीतभर वीतभर. जाऊ मागे कंबरेवर हात ठेवून उभी.

"बांधा, बांधा. घट्ट बांधा. पळून जातील नाहीतर."

"घट्ट नाही गं," भाऊजी म्हणाले. "वाढायला जागा ठेवायला लागते."

रोपं अजून त्यांच्या गुडघ्याएवढी आहेत. मान उन्हातच होती. मी म्हटलं, "भाऊजी, टोपी तरी खाली ओढा मागून." त्यांनी ओढली, आणि सवयीने मागे सरकत पुढच्या रोपाकडे निघाले.

"अहो, मागे झाड आहे!" जाऊ ओरडली.

ते थांबले. वळले. आणि समोर बघत, एकेक पाऊल चाचपडत, नागमोडी वाटेने चालायला लागले.