बर्फीच्या पाठीवरचा दुपट्टा

काल सकाळची शाळा आटोपून राळेगावात घरी पोचले, तर बर्फी मोरीत आडवा पडलेला. मला बघून उठला नाही... नुसती शेपटी फरशीवर दोनदा आपटली.

बर्फी म्हणजे आमचा हस्की कुत्रा. मुलाने पुण्यात हौसेने घेतला, मग नोकरी बदलली, नवे घरमालक नाही म्हणाले आणि बर्फी 'थोडे दिवस' म्हणून इथे आला तो इथलाच झाला. जात थंड मुलखातली आणि आमच्याकडचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे.

कूलर भरा, पोती ओली करा, लाइट गेली की पुठ्ठ्याने वारा घाला... खरं सांगते, थकले मी. मुलगा व्हिडिओ कॉलवर लाडाने हाक मारतो, बर्फी फोनच्या मागे जाऊन त्याला शोधतो. मी परत बादली घेऊन उठते.

त्यात मागच्या महिन्यात मला शहाणपण सुचलं. आमच्या शेतात खतासाठी मेंढपाळ हरिभाऊ मेंढ्या बसवतात. ते मेंढ्यांची लोकर कातरत होते, म्हटलं याचेही केस काढून टाका, बिचाऱ्याला गार वाटेल.

"ताई, मेंढराची गोष्ट अलग हाय. कुत्र्याले म्या कधी कातर लावली नाही," हरिभाऊ म्हणाले. पण मास्तरीण ना मी... हट्टाला पेटले आणि त्यांच्याकडून केस कातरून घेतलेच.

आठवड्याभरात बर्फीची पाठ उन्हाने भाजून लालबुंद झाली. डॉक्टर म्हणाले, मॅडम, ते केसच त्याला उन्हापासून वाचवत होते. त्याने हा उन्हाळा काढला तर पुन्हा येतील. तो 'तर' ऐकला आणि घरी येऊन मी आणखी दोन पोती ओली केली.

काल संध्याकाळी हरिभाऊ मुद्दाम बघायला आले. खांद्यावरचा दुपट्टा ओला करून बर्फीच्या पाठीवर टाकला आणि शेजारी बसून राहिले. मग सहज विचारलं, "आमचा कुत्रा मेंढरं राखते. याले काय काम हाय जी?"

काम काय... आमची हौस पुरवायची, फोटो काढून घ्यायचे आणि पुण्याला गेलेल्या माणसाची वाट बघायची. आम्हाला तो आवडला एवढंच आम्ही पाहिलं. त्याला इथे झेपेल का, हे घरातल्या एकानेही विचारलं नाही.

कुणाला तरी देऊन टाकावा असं रोज मनात येतं. पण देणार कुणाला, आणि तिथे तरी ऊन कुठे कमी आहे?

आज सकाळी शाळेला निघाले, तर हा हळूहळू चालत गेटपर्यंत सोडायला आला. हरिभाऊंचा दुपट्टा पुन्हा ओला करून त्याच्या पाठीवर घातला, तर त्याने माझा हात चाटला.

थोडा तरी राग धरायचा होतास रे माझ्यावर...