गॅमा-डेल्टा पेशी आणि बकरीचं धारोष्ण दूध

माझ्या घरमालकीण काकूंनी एक दिवस कापूस वेचायला न जाता माझ्याबरोबर दवाखाना गाठला आणि डॉक्टरांसमोर माझी चांगली लाज काढली, म्हणून मी आज निवांत झोपतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या गडबडीत राहून जाईल.

मी कोल्हापूरकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. आता वणीला कोळशाचा ट्रक चालवतो आणि काकूंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. मागच्या हिवाळ्यात मला तापानं धरलं. दिवसा बरं वाटायचं, संध्याकाळी अंग तापायचं, पहाटे बनियन पिळावी इतका घाम. कंबर दुखायची, पण ती कुठल्या ड्रायव्हरची दुखत नाही? यवतमाळच्या दवाखान्यात प्लीहा सुजलीय म्हणाले आणि रक्त काढून तपासायला नागपूरला पाठवलं.

रिपोर्ट इंग्रजीत आला. सोबतच्या ड्रायव्हरनं वाचला. रक्तातल्या टी पेशींपैकी गॅमा-डेल्टा नावाचा प्रकार फार वाढलाय, लिम्फोमा तर नाही ना ते पाहावं, असं काहीतरी. त्यानं तो शब्द मोबाईलवर शोधला आणि मोबाईल गुपचूप खिशात घातला.

"काय म्हणतोय?"

"काही नाही गा. डॉक्टरलेच विचार."

मी समजलो. कॅन्सर. आईला फोन लावला, जेवलीस का एवढंच विचारलं आणि ठेवून दिला.

काकू म्हणाल्या, "एकटा काहून जातं? मी येतो संगं."

यवतमाळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग विचारलं, "कच्चं दूध पिता का?"

"नाही."

"खोटं बोलून राह्यला, बाई!" काकू उसळल्या. "रोज सकाळी माह्या बकरीखाली गिलास घेऊन बसते. म्या म्हटलं उकळून पी, तं म्हणते आमच्या कोल्हापुरात म्हशीखाली गिलास धरून पितेत, म्हणून आम्ही पैलवान! पाहा पैलवान!"

खोटं नव्हतो बोललो. आमच्याकडे धारोष्ण दूध म्हणजे ताकद. त्याला कुणी कच्चं म्हणत नाही.

"बकऱ्या बऱ्या आहेत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एकीनं गाभ टाकला होता," काकूंचा आवाज एकदम खाली आला.

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या कोळशाच्या ढिगातून धूर निघाला, तर कशानं पेटला ते शोधत बसता?"

"नाही. आधी पाणी मारतो."

"जंतूंशी लढणाऱ्या या पेशी तशाच. बाकीच्या टी पेशी जंतूची नीट ओळख पटवून मग वाढतात, त्यात दिवस जातात. या जवळजवळ तयारच असतात. बऱ्याच जंतूंमध्ये असणारा एक पदार्थ जाणवला की लगेच कामाला लागतात, इतरांनाही उठवतात. बकऱ्यांचा गाभ पाडणाऱ्या आणि त्यांच्या कच्च्या दुधातून माणसाला येणाऱ्या एका तापात तर त्या खूप वाढतात. वाढल्या म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पण तपासल्याशिवाय मी काही नक्की सांगणार नाही."

तपासणीत ब्रुसेलोसिस निघाला. कॅन्सर नाही, जनावरांकडून येणारा ताप! मी बाकावर बसून रडलो, तर काकू म्हणाल्या, "आता कायले रडतं लेका? आधी घाबरला तवा रडला नाही!"

कित्येक आठवडे गोळ्या खाल्ल्या. ताप गेला, नंतरच्या तपासणीत त्या पेशीही उतरल्या. म्हणजे इतके दिवस ज्यांना मी वैरी समजत होतो, त्या माझ्याच बाजूनं लढत होत्या. तरी रिपोर्टचा कागद हातात आला की अजून आधी काकूंना हाक मारतो, ते सोडा.

शेवटच्या तपासणीहून परतताना काकूंनी एसटीत विचारलं, "तुमची अंबाबाई कशी हाय रे? लई दूर हाय का?" दूर आहे. वणीबाहेर त्या फारशा गेलेल्याच नाहीत. काकू, एक दिवस मी तुम्हाला खिडकीची जागा धरून कोल्हापूरला नेईन, आईच्या हातचं जेवू घालीन आणि अंबाबाईसमोर उभं करीन. हा माझा शब्द.